मनगटावरचा पट्टा

तिने माझा हात उचलला तेव्हा मला वाटलं, नाडी बघतेय. ती माझ्या मनगटावरचा हॉस्पिटलचा पट्टा वाचत होती. पहिलं नाव नाही. आडनाव. ओठ हलवून, दोनदा.

मग हात सोडून दिला. खाली ठेवला नाही, सोडला. पलंगाच्या दांडीवर आपटला.

"आज कसला उपवास? चतुर्थी परवाच झाली," ती म्हणाली. "आणि तुमच्यात कधीपासून धरायला लागले चतुर्थी?"

दक्षिण ऑकलंडमधल्या एका हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग. भर दुपार. मी सलाइन लावून पडलेली. वय तेवीस, स्टुडंट व्हिसा. ही मराठी बाई टाकानिनी उपनगरातली. नवरा आयटीत, नवं घर, आठवड्यातून एक दिवस हॉस्पिटलात सेवा. हे सगळं तिनेच आल्याआल्या सांगितलं, मी काही विचारलं नव्हतं.

मी एका रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांना भरवायचं काम करायचे. त्यांनी माझ्या शिफ्ट कमी केल्या. खोलीचं भाडं गेलं की हातात काही राहत नव्हतं. आधी भाजी बंद झाली, मग दूध, मग शनिवारी ब्रेड संपला. कामावर मात्र रोज ट्रॉली ढकलायची. कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही, कस्टर्ड. उरलेलं कचऱ्यात टाकायचं, स्टाफने तोंडात घालायचं नाही, असा नियम. मी तो पाळला. मूर्खासारखा पाळला. सोमवारी उष्टी ताटं खरवडता खरवडता ट्रॉलीशेजारीच कोसळले.

हॉस्पिटलात टोंगा बेटांवरची नर्स होती, आईच्या वयाची. तिने हळूच विचारलं, शेवटचं कधी जेवलीस? मी म्हटलं, माझा उपवास आहे, आमच्या धर्माचा. तिने तसं लिहून घेतलं.

धडधडीत खोटं. आमच्या घरात उपवास नव्हतेच कधी. बाप म्हणायचा, आपल्या पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहिल्या, आता मुद्दाम कशाला राहायचं? हा शब्द मी ओटाहुहूत राहायचे त्या फ्लॅटमधल्या पुण्याच्या मुलींकडून उचलला होता. त्या मिळून स्वयंपाक करायच्या. माझ्याकडे वाटा द्यायला काही नसलं की मी म्हणायचे, आज उपवास. उपवास म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. उलट जरा मानाने बघतात. भूक लागलीय म्हटलं तर कुणी मानाने बघतं का?

नर्सला पटलं नसावं. तिथे एक कपाट आहे. ज्याच्या घरी खायला नाही त्याला घरी जाताना त्यातली पिशवी मिळते, आणि पुढच्या आठवड्यांसाठी फूडबँकेत नाव लागतं. म्हणून तिने तुमच्या भाषेतली बाई आहे म्हणत हिला बोलावून आणलं होतं. भल्यासाठीच.

"खोटं बोलून काय मिळतं गं तुम्हाला?" बाई पुढे म्हणाली. "पिशवी हवी तर सरळ मागायची. लाज कसली? सवय असेलच."

मग नर्सकडे वळून हसत, इंग्रजीत: "शी इज फाइन. दे टेक हीप्स व्हेन इट्स फ्री."

फुकट असलं की 'दे' ढिगाने घेतात. दे म्हणजे कोण, ते नर्सला कळलं नाही. मला कळलं. बारा हजार किलोमीटर लांब आले होते मी, आणि एका प्लॅस्टिकच्या पट्टीने मला परत आमच्या गल्लीत नेऊन बसवलं.

लाज तिथल्या तिथे संपली असं म्हणणार नाही. लाज होतीच. पण राग तिच्याहून मोठा होता. कोपरावर उठून बसले. डोकं गरगरत होतं. नर्सला म्हटलं, "आय ॲम नॉट फास्टिंग. आय हॅव नो फूड ॲट होम. प्लीज राइट दॅट. अँड आय डोन्ट वॉन्ट धिस लेडी निअर मी."

नर्सने आधीचं खोडलं, नवं लिहिलं. बाईकडे बघून फक्त पडदा बाजूला केला.

"मदत करायला जावं तर हे असं," बाई पुटपुटली आणि गेली.

पिशवी मी घेतली. का घेऊ नये? ते अन्न तिच्या घरचं नव्हतं. घरी जाऊन तांदूळ धुतले, भात शिजवला आणि फ्लॅटमधल्या मुलींसमोर बसून खाल्ला. एकीने विचारलं, "उपवास सोडलास?" मी म्हटलं, "उपवास नव्हता. खायला नव्हतं." मी जेवत राहिले.

तक्रार मात्र केली नाही. चूक माझी. त्या चुकीमुळे बाई तिथेच राहिली.

काही वर्षांनी, अलीकडेच, मला त्याच विभागात नोकरी लागली. पेशंटला विचारायचं, घरी अन्न आहे का, आणि नसेल तर ते पोचवायचं. मागच्या महिन्यात एक मुलगी आली. मराठी, पाच महिन्यांची गरोदर, चक्कर येऊन पडलेली. नवऱ्याची नोकरी गेलेली. मी पोचायच्या आधी बाई पोचली होती. मनगट तिच्या हातात होतं.

"माझा आज उपवास आहे," मुलगी म्हणत होती.

बाईने आडनाव वाचलं आणि चेहरा खुलला. "अगं, तू तर आपल्यातलीच! या दिवसांत कसले गं कडक उपवास करतेस? थांब, पुढच्या वेळी साबुदाण्याची खिचडी आणते तुला."

पुढच्या वेळी! म्हणजे आठवड्याने.

तोच खोटा उपवास. माझा होता तेव्हा ती लबाडी होती, हिचा आहे तर ती भक्ती. आणि भूक? ती दोन्ही वेळा बाईला दिसली नाही. आपल्यातलीच म्हणून कुरवाळलेली ही मुलगी पोटातल्या पोरासकट उपाशी घरी गेली असती.

"तुम्ही बाहेर थांबा," मी बाईला म्हटलं.

पडदा ओढला. खुर्ची घेतली. "शेवटचं कधी जेवलीस?" मी पुन्हा विचारलं. मुलगी छताकडे बघत म्हणाली, "परवा. कुणाला सांगू नका, ताई."

पिशवी दिली. फूडबँकेत नाव लावलं. तिच्यासमोरच फोन केला.

बाहेर बाई उभीच होती. मला तिने ओळखलं नव्हतं. गोड आवाजात म्हणाली, "छान बोलता हो तुम्ही. मूळच्या कुठल्या?"

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनाव दोनदा. म्हटलं, "याच विभागात तुम्ही माझा पट्टा वाचला होता. चतुर्थी परवाच झाली म्हणाला होतात." तिच्या उत्तरासाठी मी थांबले नाही.

त्याच दुपारी लेखी तक्रार दिली. तिच्या दोन्ही वेळच्या शब्दांसकट. ती परत येता कामा नये, आणि तिच्या जागी तिच्यासारखीच दुसरी आली तर तिच्याविरुद्धही लिहीन. मला चांगुलपणा नको आहे. मला हिशेबात धरलेली भूक हवी आहे, मग ती कुणाचीही असो.

मनगट मी बघत नाही. खुर्ची ओढते आणि विचारते, शेवटचं कधी जेवलात? उपवास म्हणालात तर पुन्हा विचारीन.