उरणच्या रस्त्यावर बंद पडणारी गाडी

आमची जुनी गाडी फक्त माझ्याच हातात बंद पडायची. नवरा ती नेरूळहून बेलापूरला ऑफिसला न्यायचा, तेव्हा गुणी बाळासारखी जायची आणि यायची. मग माझी बदली उरणला झाली. बसचा भरवसा नव्हता, म्हणून काही दिवस गाडी माझ्याकडे आली आणि तिने मला रडवायला सुरुवात केली. गव्हाण फाटा मागे पडला की इंजिन आचके द्यायचं, ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी ओढ नाही, आणि मागे कंटेनरवाले हॉर्न बडवत असताना ते गप्प व्हायचं. जरा वेळ थांबलं की पुन्हा चालू.

घरात निकाल आधीच लागलेला होता. "क्लच नीट दाबत नसशील," नवरा म्हणायचा. सासूबाई साताऱ्याच्या. त्या म्हणायच्या, "बाईमानसाला कशाला पायजे गं गाडी? समद्या बसनंच जात्यात की." शेवटी नवऱ्याने जाहीर केलं, "आता एकदा जरी बंद पडली तर किल्ली माझ्याकडे."

हे मला फार लागलं. ड्रायव्हिंग मी हट्टाने शिकले होते. त्या मोकळ्या रस्त्यावर एकटीने गाडी नेताना जो आनंद व्हायचा, तो मला दुसऱ्या कशातच मिळाला नव्हता. मी किल्ली देणार नव्हते.

सेक्टरमधल्या गॅरेजवाल्याने कार्बोरेटर धुतला, फिल्टर बदलला, पेट्रोल खेचणारा पंपही उघडून दुरुस्त केला. सेक्टरला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "वहिनी, गाडी एकदम टॉप हाय. टेन्शन नका घेऊ." दुसऱ्याच दिवशी जासईच्या अलीकडे तिने मान टाकली.

त्या दिवशी मात्र मी रडले नाही, चिडले. क्लच चुकला तर गाडी सुटताना बंद पडते. ही तर टॉप गिअरमध्ये, सरळ रस्त्यावर मरत होती. मी बॉनेट उघडलं, गॅरेजवाल्याला करताना पाहिलं होतं तसा कार्बोरेटरचा पाइप काढला. कोरडा. टाकीत पेट्रोल भरपूर, मग इथे थेंबही का नाही? पाइप परत बसवून मी मागे गेले आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली.

आणि मला आमच्या स्वयंपाकघरातला गोडेतेलाचा डबा आठवला. नव्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळतं. हवा आत जायला समोर दुसरं पाडावं लागतं. टाकीलाही असं भोक हवं, आणि ते झाकणातच असतं. मी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला दुधाच्या पिशवीचा गोल तुकडा, कात्रीने नीट कापून बसवलेला. हा माझ्या नवऱ्याचा शोध होता! पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून. ही युक्ती त्याने साऱ्या सोसायटीला अभिमानाने सांगितली होती. बेलापूरपर्यंत टाकी कशीबशी तग धरायची. उरणच्या लांब वाटेवर तिचा श्वास कोंडायचा.

तुकडा काढला आणि गाडी उरणपर्यंत सुसाट गेली. मी स्टिअरिंगवर थाप मारून एकटीच मोठ्याने हसले.

घरी मी अवाक्षर काढलं नाही. रविवारी तुकडा पुन्हा जागेवर बसवला आणि म्हटलं, "अहो, आज तुम्हीच चालवा, उरणला जाऊन येऊ." सासूबाई मागे बसल्या. फाटा गेला, आचके सुरू झाले, आणि गाडी त्याच्या हातात बंद पडली. त्याने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, घाम पुसला. सासूबाई मागून म्हणाल्या, "आरं, तुला पन येत न्हाई व्हय?"

मी उतरले, झाकण उघडून त्या दोघांना फुस्स ऐकवलं, तुकडा त्याच्या हातात ठेवला आणि सगळं समजावलं. त्याने तो तुकडा खिशात घातला. मग पलीकडच्या सीटवर जाऊन बसला. पुढे गाडी मी चालवली.

संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी नेहमीची मंडळी उभी होती. गाडीचं काय झालं, असं त्यांनी सवयीने त्याला विचारलं. तो म्हणाला, "मला नाही, हिला विचारा. बिघाड हिने शोधला." आणि ती सगळी माणसं माझ्याकडे वळली.