टँडमची पुढची सीट

लग्नाला एकतीस वर्षं झाली तोवर आमच्या घरात गाडी ह्यांनीच चालवली. मी शेजारी नकाशा धरून बसायची आणि वळण चुकलं की बोलणी खायची. हे इंग्लंडात मेडनहेडजवळच्या एका हॉस्पिटलात हाडांचे सर्जन होते. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला आणि दोन वर्षांत नजर इतकी गेली की उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. आधी ऑपरेशन्स सुटली, मग क्लिनिक. एके सकाळी ह्यांनी गाडीची किल्ली आणून माझ्या हातात दिली. तो सगळा हिवाळा ते कॉन्झर्व्हेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत, रेडिओ लावून बसून राहिले.

लायब्ररीतल्या बोर्डावर मला एक चिठ्ठी दिसली. दिसत नसलेल्या लोकांना टँडम सायकलवर फिरवणारा एक क्लब होता. सायकल एक, बसणारी माणसं दोन. पुढच्याने रस्ता बघायचा, हँडल आणि ब्रेक सांभाळायचे. मागच्याने नुसते पेडल मारायचे. पुण्यात मी पाच वर्षं सायकलवरून कॉलेजला गेले होते, पण त्यानंतर सायकलला हात लावला नव्हता. तरी ह्यांना न विचारता मी दोघांची नावं देऊन आले.

"मागे बसून मी करू काय? तुझं ओझं होऊन बसू?" हे म्हणाले.

"पाय चालतात ना तुमचे? मग झालं तर."

लंडनमध्ये एजवेअरला राहणाऱ्या आमच्या मुलीला हे अजिबात पटलं नाही. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी फोनपुरतं. "आई, ते सायकल केवढा लांब असतो माहितीये? बाबांचा हिप फ्रॅक्चर झाला तर?" मी म्हटलं, "घरात हाडांचा डॉक्टर आहे." ती हसली नाही.

शिकवायला एक इंग्लिश बाई होत्या. सत्तरीच्या, जन्मभर पोस्टात टपाल वाटून निवृत्त झालेल्या. गावच्या क्रीडा केंद्राच्या रिकाम्या कार पार्कात त्यांनी आम्हाला सायकलवर चढवलं. टँडमचं सगळं अवघडपण सुरुवातीत असतं. दोघांनी एकाच क्षणी पाय उचलायचा असतो. तिसऱ्या खेपेला माझा पाय आधी उचलला गेला आणि आम्ही दोघं आडवे झालो. माझं कोपर सोलवटलं. हे तिथेच डांबरावर बसून माझा हात चाचपू लागले. बोटांनी हळूहळू मनगटापासून वरपर्यंत गेले.

"हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "चल, बस परत."

तो आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला. वॉर्डात राउंड घेतानाचा आवाज.

पुढचे पाच महिने दर शनिवारी आम्ही ज्युबिली रिव्हरच्या काठाने जायचो. तिथे मोटारींना बंदी आहे. कुत्री फिरवणारी माणसं आणि बदकं, एवढीच रहदारी. मी तोंडाने रस्ता बोलत राहायची: डावीकडे वळतेय, पुढे खड्डा, गेट आलंय, थांबतेय. सुरुवातीला हे मागून सूचना द्यायचे. "ब्रेक लाव, ब्रेक लाव."

"काही दिसतंय का तुम्हाला?" मी वैतागून म्हणाले, आणि शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली.

मागून हे हसायला लागले, इतके की सायकल डुगडुगली. त्या दिवसापासून त्यांनी ब्रेकचं नाव काढलं नाही.

सप्टेंबरात क्लबची सहल होती, फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी, ॲनसीच्या तळ्याकाठी. जुन्या रेल्वेचे रूळ काढून तिथे फक्त सायकलींचा रस्ता केला होता. पाच टँडम निघाल्या. सगळ्यांत नवखे आम्हीच. तळं संपलं की रस्ता दरीत शिरतो. दोन्ही बाजूंना कुरणं, त्यांच्यामागे डोंगर सरळ उभे. मी बोलत होते आणि हे माझ्या आधी सांगत होते: "डावीकडे गाई आहेत, घंटा वाजतायत. कोणीतरी गवत कापलंय. आता सावली आली, झाडं आहेत ना?" मला नुसतं हो म्हणायचं काम उरलं.

तिसऱ्या दिवशी, दरीत पुढे गेल्यावर एका लहानशा चढावर मी चुकीच्या वेळी गिअर बदलला. कर्रकन आवाज झाला आणि पेडल जागच्या जागी अडकले. बाकीचे पुढे गेले होते. मी वाकून पाहिलं तर चेन दात्यांच्या चाकात आणि फ्रेममध्ये घट्ट रुतली होती. मी ओढून पाहिली, हात काळे झाले, ती हलेना. मला रडू यायला लागलं.

"बाजूला हो," हे म्हणाले. "सायकल नुसती धरून ठेव."

ते गुडघ्यांवर बसले. एक बोट चेनवरून फिरवत ती कुठे अडकलीय ते शोधलं. मग डाव्या हाताने मागचा सैल भाग पुढे ढकलला, उजव्या अंगठ्याने रुतलेली कडी दाबली आणि मला म्हणाले, "पेडल मागे फिरव. हळू. अजून हळू. थांब." एक फ्रेंच जोडपं थांबलं, मदत हवी का असं खुणेने विचारू लागलं. मी मान हलवून नको म्हटलं. मला त्यांनी निघून जावं असं वाटत नव्हतं. त्यांनी बघावं असं वाटत होतं. दहाएक मिनिटांत चेन सुटली आणि जागेवर बसली. ह्यांनी पेडल एक पूर्ण फेरी फिरवून कान देऊन ऐकलं.

"ठीक आहे," ते उठत म्हणाले. कपाळावर ग्रीसचा पट्टा ओढला गेला होता, तो मी पुसला नाही.

पुढे गावातल्या बाकांवर सगळे आमची वाट पाहत होते. काय झालं ते मी सांगितलं तेव्हा पोस्टातल्या बाई उठल्या आणि त्यांनी ह्यांचे ते काळेकुट्ट हात दोन्ही हातांत धरून हलवले. शेवटच्या दिवशी ॲनसीला परतताना त्यांनी आमची सायकल सगळ्यांच्या पुढे ठेवली. अख्खं तळं उजव्या हाताला होतं, त्याचे रंग मी ह्यांना सांगत होते, आणि माझ्यापुढे कोणीही नव्हतं.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. एरवी हे दोन वाक्यांत फोन माझ्याकडे देतात. त्या दिवशी अर्धा तास बोलले. मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होते. पाणी काठाशी हिरवं आणि मध्ये गडद निळं असतं, असं ते तिला सांगत होते. डोंगराच्या टोकाशी सप्टेंबरातही थोडा बर्फ होता, म्हणाले.

मग तिने काहीतरी विचारलं असावं.

"छे, मी कसला चालवतोय," हे म्हणाले. "सगळ्या रस्त्याने तुझ्या आईनेच नेलं. मला एकदाही भीती वाटली नाही."

मी इस्त्री उभी करून ठेवली आणि दाराशी गेले.