फुकट वाटलेला धवला

अन्याय झाला माझ्या आत्यावर. कधी झाला तेही सांगते. चक्रीवादळानंतरच्या दुसऱ्या नारळी पौर्णिमेला, सकाळी, अख्खा कोळीवाडा नटूनथटून दर्याला नारळ द्यायला निघाला होता तेव्हा. माझ्या फोनवर दोन ओळी आल्या. आत्यानं गायलेल्या धवल्याचा आमचा इंटरनेटवरचा व्हिडिओ काढून टाकलाय, कारण त्या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क आहे.

दुसऱ्याचा! आमचं अंगण, आमचा फोन, आमच्या आत्याचा गळा, आणि हक्क दुसऱ्याचा.

आत्या दारात उभी होती. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं गो? कोन गेलं?"

"कोण नाही गेलं. तुझा धवला गेला."

"जाईल कुठं? माझ्या पोटात हाय."

आणि ती मिरवणुकीत शिरलीसुद्धा. मी नाही गेले. मी घरात बसून संतापले. संताप हेच माझं काम आहे. बाजारात मासे विकणाऱ्या बायकांना बसायला शेड मिळावी म्हणून पत्रकं काढण्यात मी वाढले, आणि पत्रकाची पहिली ओळ कशी लिहायची ते मला चांगलं ठाऊक आहे. कुणावर अन्याय झाला ते आधी सांगायचं. म्हणून तसं सांगितलं.

आता धवला म्हणजे काय ते. आमच्याकडे लग्नात हळद लावताना, मांडव घालताना, बाया जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणायला ज्या बाईला मानानं बोलावतात ती धवलारीण. आत्या धवलारीण. श्रीवर्धनपासून खाडीपलीकडच्या गावांपर्यंत तिला बोलावणं असायचं. धवल्याची खोड अशी की तो कुणाच्या तरी नावानंच म्हणावा लागतो. हळद कुठल्या घरात लागतेय, नवरी कोण, तिचा बाप कोण, आई कोण, होडी कुठली, ही सगळी नावं त्यात गुंफायची. नाव नसलेला धवला नसतोच.

व्हिडिओवर हक्क सांगणारी कंपनी आमच्या ओळखीची निघाली. मी शाळेत असताना त्यांनीच आत्याची सीडी काढली होती. पनवेलच्या पुढे कुठंतरी स्टुडिओ होता. आत्याला गाडी लागते, म्हणून लिंबू आणि पिशवी धरायला मला सोबत नेलं होतं. काचेपलीकडे एक दाढीवाला माणूस कानाला डबे लावून बसलेला. आत्यानं सूर लावला, दोन कडवी झाली, आणि नावांची जागा आली तशी ती थांबली.

"घर कुणाचं?"

"मावशी, कुणाचंही घाला," दाढीवाला माईकमधून म्हणाला.

"कुणाचंही कसं? हळद कुणाला लावायची? भुताला?"

तो हसला. ती नाही हसली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात मी वेफर्स खात बसले होते. तिनं माझं नाव घातलं, माझ्या बापाचं, आईचं, आमच्या होडीचं. फ्रॉक घातलेली मी, तेलकट बोटांची, त्या सीडीत नवरी झाले.

वाड्यात आल्यावर म्हाताऱ्यांनी आत्याला धारेवर धरलं. "नवरा न्हाय, मांडव न्हाय, आन् पोरीला हळद लावून आलीस?" ही चूक आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकते, आणि तिच्यावर आमचीच माणसं रागावू शकतात. माझं लग्न अजून झालेलं नाही. त्याचं खापर त्या म्हाताऱ्या आजही सीडीवर फोडतात. माझी आई माझ्या मोर्चांवर फोडते.

सीडी आली. कव्हरवर एक गोरी बाई नऊवारी नेसून, हातात पापलेट धरून उभी. धरलं होतं शेपटीला, दोन बोटांच्या चिमटीत, नाक वर करून. आत्याचं नाव कव्हरवर नाही, आत नाही, कुठंच नाही. तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलंही नाही. आवाज आला ना, बस्स!

मग श्रीवर्धनच्या बाजारातल्या मोबाइलवाल्यानं ती सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. तेव्हा लोक त्याच्याकडे मेमरी कार्ड भरून घ्यायला जात. हळदीची भरून द्या, आरत्या भरून द्या, नवीन पिक्चरची भरून द्या. आत्याचा धवला कार्डात गेला, कार्डातून फोनात, फोनातून ब्लूटूथनं शेजारच्या फोनात. दिघीच्या फेरीबोटीत बसून तो आगरदांड्याला उतरला. दिवेआगरात वाडीतल्या घरगुती खानावळीत पुण्याच्या पाहुण्यांना सोलकढीबरोबर तो ऐकवला जाऊ लागला. कुणाचं गाणं, कुणी विचारलं नाही. नवरीचं नाव मात्र सगळ्यांना पाठ. मी कॉलेजात गेले तर पहिल्याच दिवशी बाकावरची मुलगी म्हणाली, "तू ती हळदीवाली? किती वेळा लागली गो तुला?"

कंपनीचं म्हणणं तेव्हापासून एकच. लोकांनी फुकट वाटून वाटून आमचा धंदा बुडवला.

बुडवला? दिघीच्या धक्क्यावर एक टपरीवाला सीड्या विकायचा. त्याच्याशी माझं बोलणं झालेलं आहे. मी विचारलं, "काका, गाणं सगळ्यांच्या फोनात आहे, मग सीडी कोण घेतं?"

"फोनात हाय म्हणून तर घेतात," तो म्हणाला. "ऐकलेलं नसतं तर कोन मागायला येनार होतं? येतात आन् विचारतात, ती नवरीच्या नावाची हाय काय. आहेरात द्यायला पायजे असते."

"आहेरात?"

"मग? फोनातलं गानं ताटात ठेवून देता येतं काय?"

साडीच्या घडीवर, नारळाशेजारी, सीडी. आमच्याकडे कितीतरी लग्नांत ती अशी दिली गेली. फुकट ऐकलं म्हणून विकत घेतलं, असं घडलेलं मी स्वतः पाहिलंय.

पण पत्रक लिहिणारीनं अर्धं सांगायचं आणि अर्धं दडवायचं, हे मला पटत नाही. पुढं सीडी मेली. खरंच मेली. टीव्हीखालचे ते प्लेअर खाऱ्या हवेनं बिघडले, दुरुस्त करणारा मिळेना, आणि आहेरात दिलेल्या सीड्या शेतातले पक्षी हाकलायला दोरीला टांगल्या गेल्या. टपरीवाल्यानं सीड्या काढून मोबाइलची कव्हरं लावली. कंपनीचं नुकसान झालं असेल, मी नाही म्हणत नाही. पण कंपनी आणि गाणारी एकच आहेत, असं कुणी ठरवलं? कार्डानं आत्याचं काय केलं ते बघा.

आगरदांड्याच्या बाजूच्या एका गावात हळद होती. त्यांनी धवलारीण बोलावलीच नव्हती. कशाला बोलवायची, फोनात आहे की! मोठा स्पीकर लावला, पाट मांडला, नवरीला बसवलं, गाणं सुरू केलं. दोन कडवी छान गेली. मग नावांची जागा आली आणि स्पीकरमधून भरल्या मांडवात माझं नाव. माझा बाप, माझी आई, आमची होडी.

नवरीची आजी उठली. "बंद करा ते! ही कोन बया माझ्या नातीच्या पाटावर येऊन बसली?"

कुणीतरी म्हणालं, "आजी, गानं हाय ते."

"गानं हाय तर हळद तिलाच लावा जाऊन! माझी नात उठली बघ पाटावरून."

नात खरंच उठली. हळद थांबली. तिच्या मामाला शेवटच्या फेरीबोटीच्या आधी पलीकडे पाठवलं. तो आमच्या दारात आला, घामाघूम, कपाळाला हळद. "बाय, चला. आजी आयकत न्हाय. गानं तुमचंच पायजे, पन नावं आमची पायजेत."

मी आत्याबरोबर गेले. मांडवात आम्ही पाय ठेवला तर आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "ही व्हय ती सवत?" सगळा मांडव हसत सुटला. आत्यानं पाण्याचा घोट घेतला, घरच्यांची नावं विचारून घेतली आणि सुरुवात केली. तोच सूर, तीच कडवी, पण आता त्या घराची हळद. आजी रडली, हसली, परत रडली. मामा स्पीकरची वायर गुंडाळत कोपऱ्यात उभा होता.

त्यानंतर बोलावणी वाढली. जिथं जिथं कार्ड पोचलं तिथं तिथं ही गंमत झाली असणार. फोनातलं गाणं ऐकून लोकांना चटक लागायची, आणि ते आपल्या घराचं नाव घेत नाही म्हणून धवलारीण लागायची. नक्कल आत्याच्या पुढं चालत गेली आणि तिच्यासाठी दार उघडून उभी राहिली. मला विचाराल तर धवला कार्डानं जगवला. गावोगाव तो गेला आणि कंपनीला कळलंही नाही, याचा मला अभिमान वाटतो.

मग चक्रीवादळ आलं. नारळी आडव्या, सुपारी आडवी, घरांवरचे पत्रे दुसऱ्याच्या परसात. त्यात साथ. लग्नं घरातल्या घरात उरकली. आत्याचे गुडघे त्याच सुमारास गेले. होडीत चढणं सोडा, फेरीबोटीचा उतार उतरणंही जमेना. तिच्यामागं धवले म्हणणारी कुणी नव्हती. मला येत नाहीत. मला घोषणा येतात, सूर येत नाही. आमच्या वाड्यातल्या आणि पलीकडच्या गावांतल्या पाचसहा पोरींना शिकायचं होतं, पण रोज इथं यायचं कसं? म्हणून अंगणात खुर्ची टाकून आम्ही आत्याचा व्हिडिओ केला आणि इंटरनेटवर चढवला. पोरी तो ऐकून म्हणायच्या, आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायच्या, आत्या ऐकून सांगायची, इथं दम घे, इथं ओढू नको.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी तोडलं ते हे.

मी कंपनीत फोन लावला. खूप वेळ संगीत ऐकवून झाल्यावर एक साहेब आले.

"मॅडम, ते गाणं आमच्या मालकीचं आहे. तुमच्यासारख्या लोकांनी फुकट वाटूनच हा धंदा संपवलाय."

"साहेब, आमचा व्हिडिओ तुमच्या सीडीवरून घेतलेला नाही. बाई आमच्या अंगणात बसून गातेय."

"चाल तीच आहे, शब्द तेच आहेत. ही आमची रचना आहे."

"तुमची रचना? मग तुमच्या रचनेतली नवरी कोण ते सांगा."

"नवरी... काल्पनिक आहे. गाण्यात असतात तशी."

"काल्पनिक नाही. काल्पनिक तुमच्याशी बोलतेय."

मग मी माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आईचं सांगितलं, होडीचं सांगितलं. म्हटलं, लावा तुमची सीडी आणि ऐका. तुमच्या आधी हा धवला माझ्या आजीला येत होता, तिच्या सासूला येत होता. त्यांनी तुमची परवानगी घेतली होती का? साहेब म्हणाले, कळवतो. आत्या भाजी निवडता निवडता ऐकत होती. म्हणाली, "बाय, तू त्याला हळदच लावलीस!"

काही आठवड्यांनी व्हिडिओ परत आला. कंपनीनं दावा सोडला. त्यांच्या जुन्या गाण्याखाली आत्याचं नाव मात्र अजून नाही. मी पुन्हा लिहिलंय, पुन्हा लिहीन.

पण आत्या तेवढ्यावर थांबली नाही. "त्यांचं त्यांना राहू दे," ती म्हणाली, "मी परत गाते." या वेळी तिनं आधी स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कुणाकडून शिकली ते सांगितलं. मग गायला लागली. नावांची जागा आली तेव्हा तिनं कुणाचंही नाव घेतलं नाही. नुसती टाळी धरली आणि म्हणाली, "पोरींनो, इथं तुमच्या नवरीचं नाव घ्या." पुढं पुन्हा सूर. ते आम्ही कुठंही चढवलं नाही. फोनातून फोनात सोडलं, मोबाइलवाल्याच्या कार्डासारखं.

गेल्या वैशाखात पलीकडच्या गावात एका हळदीला मी पाहुणी म्हणून गेले. आत्या आली नव्हती. पाटाजवळ शिकणाऱ्या पोरींतली एक उभी राहिली. घाबरलेली, पदर मुठीत. तिनं सुरू करण्याआधी मांडवाला मोठ्यानं सांगितलं की हा धवला अमक्या गावच्या अमक्या बाईनं मला दिला. माझ्या आत्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. आणि मग ती गायली. दम जिथं घ्यायला हवा तिथं घेतला. मी फोन आत्याला लावून धरला होता. गाणं संपल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "शेवटाला ओढते अजून. पन चांगली हाय."

इतका अभिमान मला शेड मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

आत्याचं नाव मी इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मना वळखतात गो. ज्यांना कोन वळखत न्हाय त्यांचं बघ." म्हणून आता तुमच्याकडे वळते. तुमच्या फोनात असं एखादं गाणं नक्की आहे. कुणाच्या तरी काकीचं, कुणाच्या तरी गावातल्या म्हाताऱ्याचं, कुणीतरी कुणाला पाठवलेलं, तुम्ही फुकट ऐकलेलं. ते पुसू नका. लाजूही नका. पण ते कुणी गायलंय हे आज विचारा. ज्यानं पाठवलं त्याला विचारा, त्याला माहीत नसेल तर त्याला ज्यानं पाठवलं त्याला विचारा. नाव सापडलं की गाण्याखाली लिहा, आणि मगच पुढं पाठवा.