डाव्या खिडकीतली मेव्हणी

माझ्या धाकट्या मेव्हणीला तुम्ही पाहिलं नसलं, तरी ऐकलं असण्याची शक्यता आहे. तिचा आवाज तिच्याआधी दोन गल्ल्या पुढे पोचतो. तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, घरोघरी जाऊन शिलाई मशीन दुरुस्त करतो. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं मशीनला तेल घातल्यासारखं, थेंब थेंब. त्याची गाडी जुनी. इतकी जुनी, की ती बनली तेव्हा बाहेरचा आरसा फक्त ड्रायव्हरच्या बाजूला लावून देत. डावीकडे हवा असेल तर वेगळा घ्या. साडूने कधी घेतला नाही. म्हणायचा, "डावा आरसा मी लग्नातच आणलाय."

आणि खरंच होतं ते. ती शेजारी बसायची, मांडीवर मशीन, मान खिडकीबाहेर, आणि वर्दी द्यायची, "सायकल... जाऊ दे... ट्रक, ट्रक, अहो ट्रक!... हां, आता घ्या." भांडण झालेलं असलं की तोंड बंद. मग डॅशबोर्डवर बोटाने ठोकायची. एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे घ्या. एकदा मी मागे बसलो होतो. रस्ताभर नुसती टकटक. उतरल्यावर बायकोला म्हटलं, "इंजिनात काहीतरी बिघाड दिसतो." ती म्हणाली, "इंजिनात नाही, संसारात."

पण मेव्हणीचं काम तेवढंच नव्हतं. साडू मशीन खोलून बसला, की ही त्या घरच्या बाईशी गप्पा मारत बसे. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा पोरगा परीक्षेत आपटलाय, सगळं हिला ठाऊक. स्वतःची मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली; तिला माणसं मिळायची ती त्या घरांतूनच, आणि त्या घरांची वाट गाडीतल्या डाव्या सीटवरून जायची.

तर झालं काय, साडूने एका गॅरेजवाल्या मेस्त्रीच्या बायकोचं मशीन असं सुरळीत करून दिलं, की मेस्त्री खूश. भंगारात निघालेल्या तसल्याच गाडीचा डावा आरसा त्याने जपून ठेवला होता, तो स्वतःच्या हाताने बसवून दिला. आरसा फुगीर, चमच्याच्या पाठीसारखा. अख्खा रस्ता त्यात मावायचा. साडू हरखला आणि घरी येऊन बायकोचं भलं करायला गेला. "आता तुला उन्हातान्हात यायला नको. घरी आराम कर."

बायकोला आराम कर म्हणताना माणसाने दार कुठे आहे ते आधी बघून ठेवावं.

"म्हणजे सवत आणून बसवलीत म्हणा की!" एवढं बोलून ती आत जाऊन पडली. माझ्या बायकोला फोन केला, तो इतक्या हळू आवाजात, की बायकोला वाटलं राँग नंबर. "ताई, आता गाडीत माझं काय काम गं?"

दुसऱ्या दिवशी साडू एकटाच निघाला. तिच्या जागेवर मशीन ठेवलेलं. एका वळणावर त्याने नव्या आरशात पाहिलं, दुधाची गाडी काडेपेटीएवढी दिसली. अजून लांब आहे म्हणून त्याने डावीकडे घेतलं, आणि काडेपेटी एकदम कानाशी येऊन भोंगा वाजवायला लागली. साडूने ब्रेक दाबला. गाडीला गाडी लागली नाही, पण मशीन सीटवरून खाली कोसळलं आणि त्याचं चाक वाकलं. दूधवाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, डोळे घरी ठेवून आलात का?"

"हो रे बाबा," साडू म्हणाला. "घरीच."

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. मेव्हणी पदर खोचून थेट रस्त्यावर. "बघू तुमची लाडकी." आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा.

"मागे जाऊन उभे राहा. आणखी मागे, त्या खांबापाशी. हां, आता या पुढे."

साडू चालत चालत मागच्या दिव्याला येऊन टेकला.

"अजून खांबापाशीच दिसताय. आणि बारीक झालात, पोट कुठे गेलं?" मग ती एकदा मधल्या आरशात, एकदा डाव्या आरशात बघत राहिली. "हा खोटारडा नाही हो. कोण कोण आलंय ते सगळं दाखवतो. किती जवळ आलंय, ते मात्र मान वळवून बघायचं."

"उद्यापासून येशील ना?" साडूने विचारलं.

"येईन की. पण ही जागा बरी आहे."

"कोणती?"

"ही. मी बसलेय ती."

साडू आधी हसला. मग हसायचा थांबला. आणि मग, मानलं पाहिजे गड्याला, त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

गोदामामागच्या मोकळ्या मैदानात ती शिकली. साडू "ब्रेक!" म्हणायचा आणि ती "ओरडू नका, मला ऐकू येतं," असं त्याच्या दुप्पट आवाजात सांगायची. लायसन्सच्या परीक्षेला साहेब शेजारी बसले. डाव्या वळणावर आरशात एक सायकल दिसली, आणि इतक्या वर्षांची जीभ, ती काय ऐकते! "सायकल... जाऊ दे... आता घ्या!" साहेब दचकून खिडकीला चिकटले.

"कोणाला सांगताय बाई?"

"मला," मेव्हणी म्हणाली, आणि सायकल गेल्यावर गाडी अलगद वळवली. साहेबांनी पास केलं, पण उतरताना कान चोळत होते म्हणे.

परवा दोघं आम्हाला न्यायला आली. गाडी अर्थातच ती चालवत होती. वाटेत चार घरी मशीनं द्यायची होती, आणि प्रत्येक दारात मेव्हणीचं स्वागत असं, की विचारू नका. साडूला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. माझी बायको पुढे बहिणीशेजारी बसली; आम्ही दोघे साडू मागे, दोघांच्या गुडघ्यांवर मिळून एक मशीन.

"काय साडूबुवा, मागे कसं वाटतं?"

"झकास," तो म्हणाला. "आज इतक्या वर्षांनी रस्त्याकडेची झाडं बघितली."

तेवढ्यात पुढून माझ्या बायकोचा आवाज आला, "काय गं, मला शिकायला किती दिवस लागतील?"

"बस इकडे, आत्ताच दाखवते," म्हणत मेव्हणीने गाडी कडेला घेतली.

आम्ही दोघांनी मशीन घट्ट धरलं.