सोनदऱ्याची हरकत नाही

आधीच सांगतो, मी भुताखेतांवाला माणूस नाही. आमच्या घरानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा बापानं देव्हारा, ताईत, गंडेदोरे... सगळं घराबाहेर काढलं. मी त्याच घरात वाढलो. कुणी असलं काही सांगायला लागलं की सरळ उठून जायचो. म्हणूनच हे पन्नास वर्षं पोटात ठेवलं.

परवा नातीनं कॉम्प्युटरवर भूम तालुक्याचा नकाशा उघडला. आमच्या जुन्या रस्त्याची रेघ गावांच्या हद्दींवर टाकली, एक बटण दाबलं, आणि रस्ता जिथं जिथं शीव ओलांडतो तिथं लाल ठिपके उमटले. दोन सेकंदात. मला त्याच कामाला तेव्हा पंधरा दिवस लागले होते. एका ठिपक्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "आजोबा, याच्या पुढच्या गावात घरच नाही एकही."

मी वाकून त्या गावाचं नाव वाचलं. सोनदरा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळी कामावर मी ट्रेसर होतो. गावनकाशांवर ट्रेसिंगचं कापड पसरायचं, रस्ता आखायचा आणि तो कुठं शीव ओलांडतो ते शोधायचं. कारण आमच्या कामावर शिस्तच अशी होती, की ज्या गावच्या शिवारात रस्ता, तिथं त्याच गावची माणसं खणणार. आमलेवाडीच्या पुढं सोनदरा होतं... बेचिराख. म्हणजे कागदावर गाव आहे, हद्द आहे, पण दिवा लावायला माणूस नाही.

आमलेवाडीच्या टोळीची मुकादम मुक्ताबाई. ताठ बाई, कधी कुणापुढं हात पसरला नाही. एक दिवस म्हणाली, "सायेब, आठ दिसात आमच्या वाट्याचा रस्त्याचा तुकडा सरतुय. पोरं हितं कामावर मिळनाऱ्या सुकडीवर जगायलीत. पुढं काय खायचं?"

मी ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंगवरची दोन गावांमधली शीव खरवडून टाकली. सोनदऱ्याचा तुकडा आमलेवाडीत गेला. उजाड गावाला काय फरक पडतो, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आली, तर त्या पुढच्या तुकड्यात चौकड्या खणलेल्या. रस्त्याकडेचे चौकोनी खड्डे, माती भरावावर टाकलेली. तीन सकाळी हेच. तुकडा निम्मा उरकला. आधी वाटलं, दुसऱ्या गावानं चोरून... पण फुकट कोण खणतंय? शेवटी मी साखळी टाकून मोजलं. आमलेवाडीच्या बाजूला खणणं बरोबर त्या खरवडलेल्या रेघेवर थांबलं होतं. बोटभरही इकडं आलेलं नाही. तिथं ना दगड, ना खुंटी. ती रेघ जमिनीवर कुठं पडते ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी साखळी पुन्हा टाकली. तेच माप आलं.

मुक्ताबाई शांत होती. "आजेसासू सांगायची. मागल्या मोठ्या दुष्काळात सोनदऱ्याची मानसं काम मागत मागत मेली. कुनी दिलं न्हाय. आता त्यंच्या शिवंतून रस्ता चाललाय... येनारच की ती."

"अहो, पण मग तुमचं काम गेलं ना."

ती त्या रेघेपाशी गेली. ऊन उतरलं होतं. डोक्यावर पदर घेऊन मोकळ्या माळाला म्हणाली, "बाबांनो, तुमची भूक सरली. आमची अजून चालू हाय. लेकरं हायत. एवढं काम आमाला सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकड्या नव्हत्या. बुजवल्या असं मी म्हणत नाही... बुजवलेली माती भुसभुशीत असते. इथं जमीन कधी खणलीच नव्हती अशी, कुदळ मारली तर ठिणगी उडाली. शिवेला लागून एकच चौकडी उघडी होती. बायका रडत रडत खणायला लागल्या, आणि ते काम त्यांना पाऊस पडेपर्यंत पुरलं.

मी शीव शाईनं परत काढली. ओव्हरसियर म्हणाले, "अरे, मग सोनदऱ्यात आमलेवाडीची माणसं कशी?"

"त्या गावाची हरकत नाही, साहेब."

त्यांनी सही केली.

ती एक उघडी चौकडी मुक्ताबाईनं मजुरीच्या मापात घेऊ दिली नाही. "ती त्यंची हाय," म्हणाली. मी वहीत तेवढी ओळ कोरी सोडली. तिथं काय लिहायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.

नातीला यातलं काही बोललो नाही. ती म्हणाली, "रिकामंच गाव आहे, काढून टाकू का हा ठिपका?"

मी म्हटलं, "राहू दे बाई. त्यांची शीव एकदा पुसलीय मी."