ढगळ पँट

मुलगा वाढतोय हे सगळ्यात आधी आईला कळतं, आणि ती आई शिवणकाम करणारी असली तर मग विचारूच नका. या आईला ते कळलं एका सोमवारी सकाळी. पोरगा सरावाला निघाला होता. दारात वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता, आणि पँटच्या खाली घोट्याच्या वर दोन बोटं पाय उघडा दिसत होता. पँट तिनेच दोन महिन्यांपूर्वी शिवलेली, तीही पाण्यातून काढून आटवलेल्या कापडाची. म्हणजे कापड आटलं असं म्हणायचीही सोय नव्हती. दुसऱ्या कुठल्याही आईला आनंद झाला असता. ही मात्र घाबरली.

का ते सांगायचं तर वर्षभर मागे जावं लागेल.

पोरगा फुटबॉल खेळायचा. गल्लीतला टाइमपास नव्हे. सोळाव्या वर्षी क्लबने त्याला दोन वर्षांच्या करारावर पगारी घेतलेला. अंगाने इतकासा की संघाच्या फोटोत त्याला मागे उभा केला तर दिसायचा नाही, म्हणून शेवटी गोलकीपरच्या बगलेत उभा करायचे. पण उजव्या बाजूने चेंडू घेऊन सुटला की दोन दांडग्या बचावपटूंच्या मधून असा निसटायचा की ते दोघे एकमेकांवर आपटायचे. प्रेक्षकांनी त्याचं नाव ठेवलं सुई. आपल्याच धंद्यातलं नाव मिळालं म्हणून आईला त्याचा कोण अभिमान! मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं शेजारीपाजारी म्हणायचे आणि ती मशिनवर मान खाली घालून हसायची.

बाप रंगारी. लोकांची घरं रंगवायचा. स्वतः जेमतेम पाच फूट, त्यामुळे शिडीशिवाय त्याचं पान हलत नसे. सगळे त्याला 'शिडीवाले' म्हणत. तोही हसून घ्यायचा, पण मनात सल होताच. म्हणून पोरगा लहान असल्यापासून बाप त्याला रोज दाराच्या वरच्या पट्टीला लोंबकळायला लावायचा, बळेबळे दूध पाजायचा, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याच्या उंचीची रेघ मारायचा. ज्या घराचं काम चालू असेल त्या घराचा रंग, आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख. चौदाव्या वर्षापासून त्या रेघा एकावर एक बसायला लागल्या. तेव्हा बापाने हात टेकले. "चला, माझ्यावर गेला," म्हणाला आणि ब्रश धुवायला घेतला.

कराराच्या दिवशी तिघंही क्लबच्या ऑफिसात गेली. कोच चांगला माणूस होता, पण विनोद करायची खोड. सह्या झाल्यावर त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाला, "ताई, एकच विनंती. याला जास्त वाढू देऊ नका हं! याची उंची म्हणजे आमची इस्टेट आहे." सगळे हसले. बापही हसला. आईसुद्धा हसली, पण ते वाक्य तिने घरी आणलं आणि जपून ठेवलं. विनोद करणारा विसरून जातो. ऐकणाऱ्याचं तसं नसतं.

पहिला हंगाम सोन्याचा गेला. पोराने सहा गोल केले, पेपरात फोटो आला. आणि मग तो सोमवार उजाडला.

संध्याकाळी तिने त्याला टेप लावली. पूर्ण दोन बोटं जास्त भरली.

"मला माहितेय आई," पोरगा म्हणाला. "महिनाभर कळतंय मला. चेंडू येतो तिथे पाय नसतोच. एक तर आधी पोचतो, नाही तर उशिरा. दुसऱ्याचे पाय लावल्यासारखं वाटतं."

"कोचना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? काय म्हणाले होते ते आठवतंय ना?"

तिला आठवत होतं. तीच तर गोम होती.

क्लबात दर तीन महिन्यांनी सगळ्यांची उंची-वजन घ्यायचे. भिंतीवर आकडे रंगवलेली पट्टी होती. मालिशवाले काका पोरांना ओळीने उभं करायचे, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरायचे, जाड चष्म्यातून आकडा वाचायचे आणि वहीत लिहायचे. "काका वरच बघतात," पोरगा म्हणाला. "गुडघे वाकवले तर कळणार नाही त्यांना. पण क्लबची पँट घट्ट आहे. लगेच दिसतं."

या बाईने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाचं वीतभर कापड मारलं नव्हतं. ती उठली, कपाटातून जाड काळं कापड काढलं आणि कात्री घेतली. कमरेपासून घोट्यापर्यंत पायात वारं खेळेल अशी ढगळ पँट तिने बेतली. मांडीला अशा चुण्या घातल्या की गुडघा कुठे आहे ते कापड सांगणारच नाही. तोंडात टाचण्या धरून तिने त्याला आरशासमोर उभं केलं. "वाक. अजून थोडा. मान ताठ ठेव, मानेवरून लोक ओळखतात. आता चाल बघू." पोरगा बदकासारखा दोन पावलं चालला आणि दोघांनाही असं हसू फुटलं की तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. पुढे त्या वर्षात त्या घरात इतकं हसू परत आलं नाही.

वहीत आकडा लिहिला गेला. जुनाच. काका म्हणाले, "शाब्बास, जैसे थे!"

राहिला बाप. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. चौकातल्या चहाच्या टपरीवर घरातली बातमी घरच्यांआधी पोचायची. पण चौकटीवर रेघ मारणारा तोच, त्याच्यापासून लपवता येत नव्हतं. पहिली नवी रेघ मारली त्या दिवशी त्याला आभाळ ठेंगणं झालं. हिरवी रेघ, जुन्या गठ्ठ्याच्या वर दोन बोटं. "बघ, बघ! उशिरा का होईना, देवाने ऐकलं!" तो ती बातमी घेऊन निघालाच होता. बायकोने दार अडवलं. "करार पुन्हा होईपर्यंत कुणाला एक शब्द बोलायचा नाही. माझी शपथ आहे." कारण तिने सांगितलं नाही, आणि शपथ म्हटल्यावर त्याने विचारलंही नाही. आणि बरं का, बाप खरंच गप्प बसला. जन्मभर नको तिथे बोलत आलेला माणूस नेमका याच वेळी शहाणा झाला.

आईने आणखी एक गोष्ट केली. ती तिने पुढे कित्येक महिने कुणालाच सांगितली नाही. तिने पोराचं दूध अर्ध्यावर आणलं. अंडी बंद केली. भुकेने वाढ थांबते असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. पोरगा मैदानावरून यायचा, ताट रिकामं करून तिच्या तोंडाकडे बघायचा आणि उठायचा. बापाला वाटायचं, घरात ओढाताण असेल. तो आपल्या पेल्यातलं दूध गुपचूप पोराच्या पेल्यात ओतायचा. तिला ते दिसायचं. ती दुसरीकडे बघायची.

वाढ काही थांबली नाही. तीन बोटं झाली, चार झाली. खेळ मात्र गेला. जिथून पूर्वी निसटायचा तिथे आता त्याची ढोपरं अडकायची, स्वतःच्याच पायात पाय घालून पडायचा. तासाभरात दम लागायचा. प्रेक्षकांची जीभ काय, तिला हाड नसतं. "सुईची दाभण झाली रे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा स्टँड हसला. आई त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसली होती. ती पुन्हा मैदानावर गेली नाही.

कोच आधी समजावायचा, मग ओरडायला लागला. "झोप झाली का साहेबांची? पेपरात फोटो आला की पाय जड होतात वाटतं!" पोरगा ऐकून घ्यायचा. एक वाक्य बोलला असता तर सगळं उलगडलं असतं, पण तेच वाक्य तर दाबून ठेवायचं होतं. हिवाळ्यात तो बाकावर बसला, आणि हंगाम संपेपर्यंत बाकावरच राहिला. दर तीन महिन्यांनी ढगळ पँट घालून भिंतीला टेकायचा. आकडा तोच.

हंगाम संपल्यावर क्लबने आईला आणि मुलाला बोलावलं. बापाचं काम चालू होतं, तो आला नाही. ऑफिस तेच, टेबल तेच. मालिशवाले काका कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. कोचने आज विनोद केला नाही.

"ताई, वाईट वाटतं, पण यंदा आम्ही याला ठेवू शकत नाही." त्याने वही तिच्यासमोर सरकवली. "हे बघा. उंची तीच. वजन उलट कमी. धावायचा वेळ वाढलेला. पोरगा वाढला असता, अंग बदललं असतं, तर मी समजू शकलो असतो. मला मधे शंकाही आली होती, शर्ट आखूड वाटायचा याचा. पण चार वेळा मोजलं, आकडा हलला नाही. म्हणजे अंगात काही दोष नाही. मनच उडालंय याचं. मन उडालेल्याला मी काय शिकवू?"

आईने पोराकडे बघितलं. तो खाली बघत होता, सवयीप्रमाणे गुडघ्यात वाकून उभा.

"सरळ उभा राहा," ती म्हणाली.

"आई, नको."

"सरळ उभा राहा म्हणते ना!"

तो हळूहळू सरळ झाला. पँटच्या चुण्या उलगडल्या, घोटे उघडे पडले, आणि त्याचं डोकं मागच्या कॅलेंडरच्या वर गेलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पाच बोटं वाढलाय तो," आई म्हणाली. "मन नाही उडालं हो त्याचं. आम्ही लपवलं. मी लपवलं."

कोच खुर्चीत मागे टेकला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "पण का? वाढीत असं होतंच, ताई. पाय परके होतात. वर्ष-सव्वा वर्ष जातं, मग खेळ परत येतो. अशा पोरांना आम्ही बाजूला ठेवतो, भरपूर खायला घालतो, थांबतो. आत्ता जो कप्तान आहे ना, तोही असाच थांबवलेला."

'भरपूर खायला घालतो' हे ऐकताना तिच्या डोळ्यांपुढे पोराचा अर्धा पेला आला.

"तुम्हीच तर म्हणाला होतात," ती कशीबशी म्हणाली. "याला वाढू देऊ नका म्हणून. इथेच. याच टेबलापाशी."

"मी?" कोचने काकांकडे बघितलं. काकांनी खांदे उडवले. "मी असं म्हणालो होतो? कधी?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

काही करता येईल का, असं तिने विचारलं, एकदा नाही, तीनदा. जागा एकच होती, आणि आदल्याच दिवशी दुसऱ्या मुलाची सही झाली होती. कोचने दुसऱ्या क्लबांसाठी चिठ्ठी लिहून दिली, मनापासून लिहिली. पण चिठ्ठीपेक्षा लोक मागचा हंगाम बघतात. एका क्लबने बोलावलं, अर्धा तास खेळवलं, पाणी पाजलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही.

घरी आल्यावर आई स्वयंपाकघराच्या चौकटीसमोर उभी राहिली. हिरवी, करडी, पांढरी, गुलाबी अशा रेघा, एकेक महिन्याची, तारखेसकट. ज्या पुराव्याने पोरगा वाचला असता तो वर्षभर तिच्या डोक्यावर रंगवलेला होता आणि ती त्याच्याखालून ताटं नेत-आणत होती. रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, दुधासकट. "मला सांगायचंस गं," तो म्हणाला. "मी टपरीवर बोललो असतो. चार दिवसांत कोचच्या कानावर गेलं असतं."

पोरगा बापाबरोबर कामाला जायला लागला. आता शिडी क्वचितच लागते. वरचा भाग मुलगा रंगवतो, स्टुलावर नुसता उभा राहिला की हात छतापर्यंत पोचतो. खालून बाप डबा धरून वर बघत राहतो. जे आयुष्यभर मागितलं ते समोर उभं आहे, आणि त्याच्याकडे बघवत नाही. पुढच्या हिवाळ्यात पोराचे पाय त्याला परत मिळाले. एका घराच्या अंगणात मुलांचा चेंडू आला आणि त्याने सहज पायावर घेतला तेव्हा त्याला ते कळलं. त्याने चेंडू परत दिला आणि ब्रश बुडवला. घरी येऊन त्याने हे सांगितलं नाही, बापाने सांगितलं. बापाची जीभ आता पुन्हा सुटली होती.

ती ढगळ पँट आईला फाडून टाकायची होती. पण पोरगा तीच घालून कामाला जायचा, आणि बघता बघता तिच्यावर दहा घरांचे रंग उडाले. एका रविवारी तो ती धुऊन आईकडे घेऊन आला. मांडीवर विरली होती.

"अशीच एक अजून शिव ना," तो म्हणाला. "खालच्या कडा रंगवताना बसावं लागतं. गुडघे वाकवायला हिच्यात बरं पडतं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, तिला सोसायला सोपं गेलं असतं.

तिने गळ्यातली टेप काढली आणि माप घ्यायला खाली बसली. कमरेला टेपचं टोक धरून तो उभा राहिला, आणि सवयीने त्याने गुडघे वाकवले.