तळ्यात न सोडलेली झाडं

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्हावा शेवा बंदरात एका अडकलेल्या कंटेनरच्या कागदांवरून भांडत होतो. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले..." आणि मी "बरं" म्हणालो. काय बोललो ते फोन ठेवल्यावर कळलं. त्याची फुप्फुसं महिनाभर साथ देत नव्हती, तरी तो परत येऊन शेजारच्या टेबलावर बसेल, असंच मी धरून चाललो होतो.

आम्ही एकाच ऑफिसात केस पांढरे केले. सानपाड्याच्या त्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्याला जागा नव्हती, पण काचेच्या मोठ्या टाकीला होती. तिच्यात मासे नावापुरते, खरा मान ॲमेझॉन स्वॉर्डचा... पाण्याखाली वाढणारी, तलवारीच्या पात्यासारखी लांब पानं. मेक्सिकोपासून खाली पार अर्जेंटिनापर्यंत नद्यांच्या काठी ही झाडं असतात, पूर आला की पाण्यात, ओसरला की उघड्यावर, हे त्याने इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी हात जोडायचो. एका गणपतीत मात्र तो खरंच खवळला. सोसायटीतल्या कुणीतरी आपली टाकी मोडली आणि कचऱ्यात टाकायला मन होईना म्हणून तसलीच झाडं निर्माल्याबरोबर विसर्जनाच्या तळ्यात सोडली. दिवाकर पँट दुमडून चिखलात उतरला. "अरे, हे इथलं नाय! मूळ धरलं ना, तर आपल्या झाडांना जागा राहील का?" लोक काठावरून हसत होते, मीही हसलो. तो एकटाच उपटत राहिला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून घेतलं. दवाखान्याच्या धावपळीत टाकीकडे कुणी पाहिलं नव्हतं. पानं कुजली होती, मुळं तेवढी जिवंत. त्यांनी ती बादलीत काढून वर दिवाकरच्या फोटोचा हार ठेवला होता.

"तळ्यात सोडून येऊ, भाऊजी. त्यांचा हात लागलाय, कचऱ्यात कशी टाकू?"

त्या माउलीला नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि हो म्हणालो असतो तर दिवाकरला तोंड दाखवायला जागा उरली नसती. शेवटी सांगून टाकलं. अशी झाडं तो आधी उन्हात पार वाळवून मारायचा, मगच फेकायचा. वहिनींनी हार उचलून बाजूला ठेवला, बाल्कनीत पेपर पसरला आणि एकेक मूळ सुटं करून मांडायला लागल्या.

"मी करतो ना, तुम्ही आत बसा."

"नको. ते गेले तेव्हा मला आयसीयूच्या काचेबाहेर उभं केलं होतं... हे तरी माझ्यासमोर जाऊ दे."

त्यांनी स्टूल ओढलं आणि भर उन्हात बसल्या. संध्याकाळी मी निघालो तेव्हाही तिथेच होत्या, सुकलेल्या मुळांवर हात ठेवून.